पुसले गेलेले पार्टिशन: हार्ड डिस्कवरील फाइली परत मिळवण्याची पद्धत

दिवाळी अंकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करणाऱ्या माझ्या एका परिचितांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवण्यासाठी पेनड्राइव्ह तयार करायला घेतला आणि ड्राइव्हच्या यादीत त्यांच्या हातून पेनड्राइव्हऐवजी १ टेराबाइटची बाह्य हार्ड डिस्क निवडली गेली. लिनक्सची सुमारे २ गीगाबाइटची इमेज, म्हणजे ती बसवण्यासाठीची तयार फाइल, लिहून झाल्यावर चूक त्यांच्या लक्षात आली. १३ वर्षांचे अंक, मुखपृष्ठे आणि लेखकांच्या हस्तलिखितांचे स्कॅन जिच्यावर होते, ती डिस्क आता फॉरमॅट करायची का, असे विंडोज विचारत होते. त्यांनी त्या प्रश्नाला काहीही उत्तर न देता डिस्क काढून ठेवली आणि मला फोन केला. पुढे बहुतेक सगळ्या फाइली नावांसह आणि फोल्डरांसह परत मिळाल्या. त्याचे श्रेय मी वापरलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा त्यांनी त्या क्षणी हात आवरला याला अधिक आहे, असे मी आजही मानतो.

घरोघरी वापरल्या जाणाऱ्या बाह्य हार्ड डिस्क बहुधा एनटीएफएस या विंडोजच्या फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

नेमके काय बिघडते

डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटमध्ये, जुन्या एमबीआर पद्धतीचा पार्टिशनांचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांचा, तक्ता असतो. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी असतात, पुढच्या ६४ बाइटमध्ये प्रत्येकी १६ बाइटच्या ४ नोंदी असतात आणि शेवटचे २ बाइट ओळखखूण म्हणून असतात. कोणते पार्टिशन कुठे सुरू होते आणि किती मोठे आहे, एवढेच या नोंदी सांगतात. नव्या जीपीटी पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या सुरुवातीच्या ३४ सेक्टरांत असतो आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरच्या ३३ सेक्टरांत ठेवलेली असते. त्यामुळे सुरुवात पुसली गेली तरी शेवटची प्रत बहुधा शाबूत राहते.

पार्टिशनच्या आतली व्यवस्था वेगळी असते. एनटीएफएसच्या पहिल्या सेक्टरमध्ये, ज्याला बूट सेक्टर म्हणतात, फाइलींची मुख्य सूची कुठे आहे ते लिहिलेले असते आणि या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. या मुख्य सूचीला एमएफटी म्हणतात. तिच्यातील नोंद साधारणतः १,०२४ बाइटची असते आणि तिच्यात फाइलचे नाव, आकार, तारखा आणि फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे ठेवले आहेत याचा पत्ता असतो.

पार्टिशन ‘गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पत्ते सांगणाऱ्या या नोंदी हरवलेल्या असतात आणि फाइली जागच्या जागी असतात. एखाद्या वाड्याच्या दारावरची पाटी काढली म्हणून आतली माणसे निघून जात नाहीत. मात्र पाटी नाही म्हणून वाडा रिकामा समजून कोणी तिथे नवे बिऱ्हाड थाटले, तर जुने सामान वाचत नाही. डिस्कवर नंतर लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट हे असे नवे बिऱ्हाड असते.

काय करू नये

फॉरमॅट करायचे का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ‘इनिशियलाइज’ करायला सांगितले तर तेही करू नये, कारण त्यात नवा तक्ता लिहिला जातो आणि जीपीटी निवडल्यास डिस्कच्या टोकाची जुनी प्रतही पुसली जाते. सर्वांत जास्त नुकसान मी ‘चेकडिस्क’मुळे झालेले पाहिले आहे. या आज्ञेचे काम फाइल व्यवस्था सुसंगत करणे हे आहे, तुमच्या फाइली वाचवणे हे नाही. जी नोंद तिला विसंगत वाटते ती नोंद ती काढून टाकते आणि अनाथ झालेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये निरर्थक नावांनी ठेवते. निरोगी डिस्कवर ती उपयोगी आहे, पण जिच्यातील माहितीची दुसरी प्रत नाही अशा बिघडलेल्या पार्टिशनवर ती चालवणे म्हणजे उरलेल्या खुणाही पुसणे होय.

माहिती परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नये आणि सापडलेल्या फाइलीही तिच्यावर साठवू नयेत. बिघाड संगणकाच्या आतल्या मुख्य डिस्कवर झाला असेल तर संगणक ताबडतोब बंद करावा, कारण विंडोज स्वतःच्या कामासाठी सतत काही ना काही लिहीत असते. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी किंवा पेनड्राइव्हवरून सुरू होणारी लिनक्सची आवृत्ती वापरावी.

फॉरमॅट आधीच झाले असेल तर ते कोणत्या प्रकारचे होते हे आठवून पाहावे. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये फक्त नवी रिकामी सूची लिहिली जाते आणि आशेला बरीच जागा असते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र सगळ्या पार्टिशनवर शून्ये लिहिते. ते पूर्ण झाले असेल तर तिथून काहीही परत मिळत नाही, मग कोणी कितीही पैसे मागो.

डिस्कची प्रकृती

पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी डिस्कचा आवाज ऐकावा. ठरावीक अंतराने टिकटिक किंवा खरखर येत असेल, डिस्क पडलेली असेल, किंवा जोडल्यावर संगणकाला ती दिसते आणि नाहीशी होते असे वारंवार घडत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे असे समजावे आणि वीज तोडावी. अशा डिस्कचे वाचणारे टोक तबकडीला घासत असू शकते आणि प्रत्येक मिनिटाला माहितीचा थर खरवडला जात असतो. ती घरी उघडू नये. फ्रिजमध्ये ठेवण्याचा जो उपाय सांगितला जातो तोही करू नये, कारण आत बाष्प धरते. येथून पुढचे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे आहे. डिस्क हाती देण्यापूर्वी तपासणीचे शुल्क, काम न झाल्यास द्यावी लागणारी रक्कम आणि गोपनीयतेची हमी या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.

आवाज नेहमीसारखा असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ किंवा लिनक्समधील ‘स्मार्टमॉनटूल्स’ने डिस्कच्या स्वतःच्या नोंदी पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे न सुधारलेले सेक्टर. हे तिन्ही आकडे शून्य असतील तर डिस्क बहुधा धडधाकट आहे. १९७चा आकडा वाढत असेल तर डिस्क मरणपंथाला लागली आहे असे समजून, इतर सर्व प्रयोग सोडून फक्त प्रत काढण्याच्या मागे लागावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाह्य डिस्क ज्या पेटीत बसवलेली असते, तशा काही पेट्यांमधील सर्किट ५१२ बाइटच्या सेक्टरऐवजी संगणकाला ४,०९६ बाइटचे सेक्टर दाखवते. अशी डिस्क पेटीतून काढून थेट जोडली की पार्टिशन नाहीसे झाल्यासारखे वाटते, कारण तक्त्यातील सगळे अंतर आठपट चुकते. काही पेट्या तर माहिती कूटबद्ध करूनच डिस्कवर लिहितात. म्हणून पेटी चालत असेल तर डिस्क तिच्यातच ठेवून काम करावे. पेटी बदलल्यानंतरच पार्टिशन गेले असेल तर आधी जुन्या पेटीत डिस्क परत घालून पाहावी.

आधी संपूर्ण प्रत

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि लोक तोच गाळतात. मी तो कधीही गाळत नाही. बिघडलेल्या डिस्कवरील पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळे काही एका मोठ्या फाइलमध्ये, म्हणजे डिस्क इमेजमध्ये उतरवायचे आणि पुढचे सर्व प्रयोग त्या इमेजवर करायचे. एखादा प्रयोग फसला तरी मूळ डिस्क तशीच राहते आणि पुन्हा सुरुवात करता येते.

त्यासाठी बिघडलेल्या डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क लागते. ती फॅट३२ पद्धतीची असून चालत नाही, कारण तिच्यावर ४ गीगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस, एक्सफॅट किंवा लिनक्सची एक्स्ट४ यांपैकी कोणतीही चालते. ‘सिस्टमरेस्क्यू’ ही लिनक्सची आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन तिच्यावरून संगणक सुरू करावा, कारण लागणारी साधने तिच्यात आधीपासून असतात. आणि हा पेनड्राइव्ह तयार करताना बाकी सगळ्या बाह्य डिस्क काढून ठेवाव्यात, हे माझ्या परिचितांच्या अनुभवानंतर वेगळे सांगायला नको.

प्रत काढण्याचे साधन म्हणजे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’. त्याला तीन गोष्टी सांगायच्या असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी बिघडलेली डिस्क, मग इमेज फाइलचे नाव, शेवटी मॅप फाइलचे नाव. पहिल्या दोन गोष्टींची अदलाबदल झाली तर जे वाचवायचे तेच पुसले जाईल, म्हणून आज्ञा देण्यापूर्वी डिस्कची यादी मॉडेल आणि अनुक्रमांकासह पडद्यावर आणावी आणि डिस्कवर चिकटवलेल्या लेबलशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावी. लिनक्समध्ये डिस्कला मिळणारी नावे पुढच्या वेळी बदलू शकतात, त्यामुळे काल केलेल्या टिपणावर विसंबू नये. या साधनात एक चांगली खबरदारी आहे: गंतव्य म्हणून साधी फाइल न देता आख्खी डिस्क दिली तर सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय ते लिहायला नकार देते. इमेज फाइल बनवताना हा पर्याय कधीच लागत नाही. तो मागितला गेला तर क्रम चुकला आहे असे समजून थांबावे.

डिस्क धडधाकट असेल तर एका फेरीत काम होते. खराब सेक्टर असतील तर पहिली फेरी ‘नो स्क्रेप’ पर्यायाने चालवावी, म्हणजे सहज वाचता येणारा भाग आधी हाती लागतो आणि अडलेल्या जागी डिस्क झिजवली जात नाही. त्यानंतर त्याच मॅप फाइलसह, थेट वाचनाचा पर्याय आणि तीन पुनर्प्रयत्न देऊन दुसरी फेरी चालवावी. मॅप फाइलमध्ये कोणता भाग वाचला गेला आणि कोणता राहिला याची नोंद असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही, तीच आज्ञा दिली की जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. मात्र त्यासाठी मॅप फाइल पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या तात्पुरत्या जागेत न ठेवता इमेजच्या शेजारीच ठेवावी. भारनियमन असलेल्या गावात हे काम लॅपटॉपवर करावे किंवा यूपीएस वापरावा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट वाचायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. जुन्या यूएसबी २.० जोडणीवर हेच काम आठ-नऊ तासांवर जाते.

टेस्टडिस्कने शोध

‘टेस्टडिस्क’ हे मोफत आणि मुक्त स्रोत साधन विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. आज्ञेच्या शेवटी इमेज फाइलचे नाव दिले की ते मूळ डिस्कऐवजी इमेज उघडते. पहिल्या पडद्यावर ‘क्रिएट’ निवडून नोंदवही सुरू करावी, यादीतून इमेज निवडून ‘प्रोसीड’ करावे आणि तक्त्याचा प्रकार सांगावा: एमबीआरसाठी ‘इंटेल’, जीपीटीसाठी ‘ईएफआय जीपीटी’. सुचवलेला प्रकार डोळे मिटून स्वीकारू नये. ज्या डिस्कवर चुकून लिनक्सची इमेज लिहिली गेली आहे, तिच्यावर दिसणारा तक्ता त्या इमेजचा असू शकतो. पूर्वी कोणता प्रकार होता हे आठवत नसेल तर दोन्ही करून पाहावेत.

‘अ‍ॅनलाइज’ आणि ‘क्विक सर्च’नंतर सापडलेल्या पार्टिशनांची यादी येते. एखाद्या ओळीवर जाऊन ‘पी’ ही कळ दाबली की त्यातील फाइली दिसतात. तुमची ओळखीची फोल्डरे दिसली की निम्मी लढाई जिंकली. देवनागरी नावे त्या काळ्या पडद्यावर विस्कटलेली, काना-मात्रा सुट्या पडलेल्या दिसू शकतात, पण तेवढ्यावरून नाव बिघडले असे समजू नये. हव्या त्या फाइली निवडून तिसऱ्याच जागी कॉपी कराव्यात.

काही सापडले नाही तर ‘डीपर सर्च’ करावा. तो बूट सेक्टरच्या राखीव प्रतीही शोधतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि यादीत अनेक वर्षांपूर्वी पुसलेल्या पार्टिशनांची भुतेही येतात. खरे कोणते हे ओळखण्यासाठी सुरुवातीचा सेक्टर पाहावा. व्हिस्टानंतरच्या विंडोजने बनवलेल्या एमबीआर डिस्कवरील पहिले पार्टिशन सहसा २०४८व्या सेक्टरवर सुरू होते, एक्सपीच्या काळात ते ६३व्या सेक्टरवर सुरू होत असे. आकार आठवत असेल तर तोही जुळवून पाहावा.

परिचितांच्या डिस्कवर ‘डीपर सर्च’मध्ये २०४८व्या सेक्टरपासून डिस्कच्या टोकापर्यंतचे एनटीएफएस पार्टिशन दिसले, कारण त्याच्या शेवटच्या सेक्टरमधील बूट सेक्टरची प्रत शाबूत होती. मूळ बूट सेक्टरवर मात्र लिनक्सची इमेज बसली होती, म्हणून फाइलींची यादी उघडेना. अशा वेळी इमेजवर, आणि फक्त इमेजवर, ‘राइट’ करून तक्ता लिहावा, टेस्टडिस्क पुन्हा उघडावे आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ते पार्टिशन निवडून ‘बूट’वर जावे. तिथे मुख्य बूट सेक्टर खराब आणि राखीव प्रत चांगली असे दिसल्यास ‘बॅकअप बीएस’ निवडावे, म्हणजे राखीव प्रत मूळ जागी उतरते. दोन्ही खराब असतील तर ‘रीबिल्ड बीएस’ने नवा बूट सेक्टर बांधता येतो, पण तो लिहिण्यापूर्वी फाइलींची यादी दिसते का, हे तिथेच पाहावे. मूळ डिस्कवर ‘राइट’ करण्याची गरज मला क्वचितच पडली आहे. फाइली बाहेर आल्या की जुनी रचना जिवंत करण्यात अर्थ नसतो.

सूची वाचली का, हा खरा प्रश्न

येथे दैव आमच्या बाजूने होते, पण त्याला कारण होते. मोठ्या पार्टिशनवर विंडोज एमएफटीची सुरुवात सहसा ७,८६,४३२व्या क्लस्टरवर (क्लस्टर म्हणजे फाइलींना जागा देण्याचे एकक) करते. क्लस्टर ४,०९६ बाइटचा असेल तर हे ठिकाण पार्टिशनच्या आरंभापासून बरोबर ३ गीगाबाइटवर येते. २ गीगाबाइटची इमेज तिथपर्यंत पोहोचली नाही आणि सूची बचावली. हीच चूक विंडोजच्या ५ गीगाबाइटच्या इमेजने झाली असती, तर सूचीचा पहिला भाग गेला असता आणि काम कितीतरी अवघड झाले असते.

तशा परिस्थितीत सूचीच्या उरलेल्या नोंदी संपूर्ण डिस्कभर हुडकणारी साधने लागतात. ‘डीएमडीई’ आणि ‘आर-स्टुडिओ’ ही त्यांपैकी मला भरवशाची वाटलेली दोन. दोन्ही पैसे देण्यापूर्वी काय सापडले ते दाखवतात, म्हणून आधी यादी पाहून, दोन-चार फाइली उघडून मगच खरेदीचा निर्णय घ्यावा.

नोंदीच उरल्या नसतील तर शेवटचा आधार ‘फोटोरेक’चा. ते नावे, फोल्डर, सूची यांतले काहीच पाहत नाही, प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीची ठरलेली खूण शोधते आणि तिथून पुढचा भाग उचलते. त्यामुळे छायाचित्रे, पीडीएफ आणि वर्डच्या फाइली मोठ्या संख्येने मिळतात, पण सगळ्यांची नावे जातात. डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पसरलेली फाइल, विशेषतः मोठे व्हिडिओ, बहुधा अर्धवट मिळते. छायाचित्रांच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शिल्लक असते. तिच्या आधारे त्यांची वर्गवारी लावता येते.

एसएसडी आणि कूटबद्ध डिस्क

फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीच्या बाबतीत हे सगळे बरेचदा लागू पडत नाही. विंडोज ७पासून पुसलेल्या जागेची माहिती ‘ट्रिम’ आज्ञेने एसएसडीला दिली जाते आणि एसएसडी ती जागा आतून मोकळी करते. त्यानंतर वाचायला गेल्यास शून्येच मिळतात. वीज तात्काळ तोडणे एवढाच उपाय हाती असतो आणि तोही अनेकदा उशिरा होतो.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजची कूटबद्ध करण्याची सोय, लावलेल्या पार्टिशनसाठी ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधावी. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा छापून ठेवलेल्या कागदावर असते. ती असेल तर विंडोजमधील ‘रिपेअर-बीडीई’ ही आज्ञा वाचता येणारा भाग उलगडून दुसऱ्या डिस्कवर काढते. ती नसेल आणि पासवर्डही माहीत नसेल तर कोणतेही साधन किंवा प्रयोगशाळा काही करू शकत नाही.

परत मिळालेल्या फाइलींची तपासणी

फाइल नावासह, योग्य आकाराची आणि योग्य तारखेची मिळाली म्हणजे ती चांगली आहे असे नव्हे. सूचीतील नोंद शाबूत आणि प्रत्यक्ष जागी दुसरेच काही लिहिलेले, असे घडू शकते. छायाचित्रे लघुरूपात न पाहता पूर्ण उघडून पाहावीत, व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून पाहावेत, झिप फाइली त्यांच्या अंगच्या चाचणीतून तपासाव्यात.

मराठी नावे असलेल्या फाइलींबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एनटीएफएसमध्ये नाव २५५ वर्णांचे असू शकते, पण एक्स्ट४मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट घेतो. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे ८५ वर्णांपलीकडचे नाव तिथे लिहिलेच जात नाही आणि ती फाइल कॉपी व्हायची राहून जाते. ‘२०१४ दिवाळी अंक मुखपृष्ठ अंतिम दुरुस्तीनंतरचे’ अशा थाटाची लांबलचक नावे ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. म्हणून फाइली एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्कवरच उतरवाव्यात. दुसरे असे की युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टांत केलेला मजकूर, तो फॉन्ट संगणकावर नसेल तर, निव्वळ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. अशा फाइली खराब समजून टाकून देऊ नयेत, आधी फॉन्ट बसवून पाहाव्यात.

ही तपासणी पूर्ण होऊन सगळ्या फाइलींच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती होईपर्यंत मूळ डिस्क आणि तिची इमेज यांना हात लावू नये. परिचितांच्या डिस्कवरील काही फाइलींचा मजकूर त्या २ गीगाबाइटच्या पट्ट्यात होता आणि तो कायमचा गेला. त्यांत एका अंकाची छपाईला दिलेली पीडीएफ होती. ती त्यांनी छापखान्याला त्या वर्षी ईमेलने पाठवली होती, आणि पाठवलेल्या ईमेलच्या पेटीत ती तशीच पडून होती.